कापलेली मोटार म्हणजे बिघडलेली मोटार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अमेरिकन मोटारींवर आलेला लेख आवडीने वाचला. मी गेली बावीस वर्षे मिशिगन राज्यात राहतो, पेशाने यंत्र अभियंता आहे, आणि छत कापून बुटकी केलेली १९५० सालची एक दोन दारांची मर्क्युरी मोटार अडीच वर्षे खपून नुकतीच रस्त्यावर आणली आहे. त्यामुळे त्या लेखातील एका सल्ल्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या जुन्या मोटारीत मागच्या मालकांनी फेरफार केले आहेत ती बिघडवलेली समजावी, आणि विकत घेतल्यावर सर्वांत आधी ती कारखान्यातून निघाली त्या रूपात परत न्यावी, असे लेखकाचे म्हणणे आहे. रेडिओसाठी डॅशबोर्डला भोक पाडलेल्या किंवा कोणी हौसेने भलतीच सीट बसवलेल्या गाडीला हा सल्ला लागू पडेल. पण अमेरिकेत ज्यांना 'कस्टम' म्हणतात, त्या पत्रा कापून, झाळून, घासून नव्याने घडवलेल्या गाड्यांना तो लावला तर जपण्याजोगे जे आहे तेच आपण पुसून टाकू.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील कारखान्यांनी पहिली दोन-तीन वर्षे युद्धापूर्वीचीच मॉडेले थोडीफार सजवून विकली. फोर्ड कंपनीची नव्या घडणीची मर्क्युरी आली ती १९४९ चे मॉडेल म्हणून, आणि तीच घडण १९५१ पर्यंत चालली. भरदार, गोलसर, मडगार्ड अंगातच मुरलेली अशी ही गाडी होती. तिचे छत मात्र अंगाच्या मानाने जरा उंच वाटे. लॉस एंजेलिस परिसरातल्या सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांसारख्या कारागिरांनी नेमके तेच हेरले. सॅम यांनी स्वतःच्या १९४९ च्या मर्क्युरीचे छत कापून खाली बसवले आणि पुढे हा आकार इतका रुजला की आजही 'कस्टम' म्हटले की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा मर्क्युरीच येते. १९५२ मध्ये बॉब हिरोहाता या तरुणाने आपली जवळजवळ नवी १९५१ ची मर्क्युरी या भावांच्या हवाली केली. त्यांनी घडवलेली ती दोन हिरव्या छटांची गाडी प्रदर्शनांतून गाजली, मग हातोहात विकली जात विस्मृतीत गेली आणि १९५९ मध्ये एका शाळकरी वयाच्या मुलाने ती ५०० डॉलरला घेतली. त्याने ती आयुष्यभर सांभाळली आणि पुढे दुरुस्तीला काढली तेव्हा तिला फोर्डच्या कारखान्यातले रूप दिले नाही. बॅरिस बंधूंनी दिलेले १९५२ चे रूप दिले. जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात तिला २१ लाख ४५ हजार डॉलर मिळाले. कारखान्यातून निघाल्यासारख्या नीटनेटक्या मर्क्युरीला याच्या पासंगालाही पुरेल इतकी किंमत येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मूळ रूपात परत न्यायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, याचा विचार लेखकाने केलेला दिसत नाही. छत कापताना दारांच्या चौकटीचे आणि काचांच्या बाजूचे खांब काही इंच आडवे छाटतात आणि उरलेले तुकडे पुन्हा जोडतात. पण खांब तिरके असल्यामुळे वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर बसत नाही; मग छत मधून फाडून लांब करावे लागते किंवा खांबांचा कोन बदलावा लागतो. सपाट, दोन थरांची काच मापात कापता येते. टणक केलेल्या काचेचा मात्र कापायला गेले की चुरा होतो, म्हणून मागची वाकलेली काच न कापता पुढे झुकवून बसवण्याची युक्ती निघाली, आणि या गाड्यांच्या पाठीचा तो सुंदर उतार बराचसा त्या अडचणीतून आला आहे. माझ्या गाडीच्या खांबांतून छाटलेले तुकडे केव्हाच भंगारात गेले. आता तिचे छत पुन्हा उंच करायचे तर दुसरी धडधाकट मर्क्युरी शोधून तिचे छत उतरवावे लागेल. एक गाडी 'मूळ' करण्यासाठी खरोखरच मूळ असलेली दुसरी गाडी मारायची, हा कोणता न्याय?

आता खरेदीबद्दल. लेखात रंग, क्रोम आणि आसने पाहून गाडी पसंत करावी असे सुचवले आहे. माझ्या मते या तीन गोष्टी सर्वांत शेवटी पाहाव्यात; सगळ्यात आधी कागद पाहावेत. अमेरिकेत मालकीचा दाखला राज्य सरकार देते, त्याला टायटल म्हणतात. सतरा अक्षरांचा एकसारखा वाहन क्रमांक १९८१ च्या मॉडेलांपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती आणि काही राज्ये तर इंजिनावरचा क्रमांकच दाखल्यावर लिहून घेत. कस्टम गाडीचे इंजिन सत्तर वर्षांत दोनदा-तीनदा बदललेले असणे ही अगदी मामुली गोष्ट. मी पाहिलेल्या पहिल्या गाडीचे नेमके असेच होते. रंग आरशासारखा, विकणारा दलाल गोडबोल्या, आणि दाखल्यावरचा क्रमांक अशा इंजिनाचा, जे गाडीत नव्हते आणि कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. 'सरकारी कचेरीत जाऊन दुरुस्त करून घ्या, सोपे असते,' असे त्याने सांगितले. सोपे असते तर त्यानेच करून घेतले असते, असा विचार करून मी परत आलो.

दुसरी गाडी मला ओहायोत मिळाली. मालक वारले होते आणि मुलीला गॅरेज रिकामे करायचे होते. दाखल्यावरचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळला. पण माझा निर्णय पक्का झाला तो बुटांच्या एका खोक्यामुळे. त्यात १९५७-५८ सालातली तीसेक कृष्णधवल छायाचित्रे होती: छत काढून जमिनीवर ठेवलेले, खांबांना आधाराच्या सळया वेल्ड केलेल्या, दारांच्या मुठींची भोके बुजवलेली, आणि शेजारी तोंडात सिगारेट धरून उभा असलेला विशीतला मालक. सोबत झाळकामाच्या शिशाच्या कांड्यांची एक पावतीही होती. गाडीला मी २७,५०० डॉलर दिले आणि त्यातले निम्मे तरी त्या खोक्याचे होते, असे मी आजही मानतो. काम कोणी, केव्हा आणि कशाने केले हे कळले की पुढे कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे ठरवता येते.

पत्रा तपासायला मी घरच्या फ्रिजवरचे एक साधे चपटे लोहचुंबक नेले होते. उघड्या किंवा नुसत्या रंगाच्या पत्र्याला ते घट्ट चिकटते आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, जाड भरली असेल तिथून घसरून पडते. छताच्या सांध्यांवर ते चिकटेना, याचे मला आश्चर्य वाटले नाही, कारण तिथे शिसे असणार हे छायाचित्रांवरून ठाऊक होते आणि शिशालाही चुंबक धरत नाही. पण मागच्या दोन्ही चाकांच्या वरच्या भागातही ते टिकेना. तिथला रंग खरवडला तेव्हा अर्धा इंच जाडीची गुलाबी लांबी निघाली, आणि तिच्याखाली पत्रा नव्हताच. गंजून जाळी झालेल्या कडा आणि भोक बुजवायला चिकटवलेली तारेची जाळी तेवढी होती. हे १९८० च्या दशकात कोणीतरी घाईने उरकलेले काम होते. या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांमागे, उंबऱ्याच्या पट्टीत आणि तळाच्या पत्र्यात साचून पत्रा आतून खाते.

माझे लेखकाशी खरे भांडण इथेच आहे. एकाच गाडीवर दोन काळांतले दोन प्रकारचे काम होते. १९५८ चे शिसे ही कारागिरी होती आणि १९८० नंतरची लांबी ही लपवाछपवी. 'सगळे फेरफार काढून टाका' म्हणणारा दोन्ही काढेल, आणि 'कस्टम आहे, हात लावू नका' म्हणणारा दोन्ही ठेवेल. मी लांबी पूर्ण काढली, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला आणि शिसे ठेवले.

शिशाबद्दल जरा अधिक लिहितो, कारण ही कला आता फार थोड्यांच्या हातात उरली आहे. पन्नाशीच्या दशकात पॉलिएस्टरची लांबी सर्वत्र पोहोचण्याआधी सांधे आणि खड्डे डाखाने, म्हणजे तापवून मऊ केलेल्या शिसे-कथलाच्या मिश्रणानेच भरत; म्हणून तर या गाड्यांना गमतीने 'लेड स्लेड', म्हणजे शिशाची घसरगाडी, असे नाव पडले. सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील असा हा डाख १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो आणि अडीचशेच्या थोडे पुढे गेले की पाण्यासारखा वाहून जातो. या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात तो लोण्यासारखा असतो आणि उभ्या पत्र्यावरही थापता येतो. आधी पत्रा स्वच्छ करून त्याला कल्हई करायची, कारण कल्हई नसेल तिथे शिसे धरत नाही. मग गॅसची मंद ज्योत पुढेमागे हलवत कांडी मऊ करायची आणि चरबीत बुडवलेल्या मेपल लाकडाच्या पाटीने डाख सारखा करायचा. गावातल्या एका निवृत्त कारागिराने मला हे जुन्या बॉनेटवर शिकवले. पहिल्या दिवशी माझा सगळा डाख घळाघळा जमिनीवर गेला. ज्योत जास्त वेळ एका जागी धरली तर पत्रा तापून लाट आल्यासारखा वाकतो, हा धडा दुसऱ्या दिवशीचा. डाख गार झाल्यावर तो कानशीनेच उतरवायचा. त्यावर घासयंत्र कधीही चालवू नये, कारण शिशाची धूळ श्वासातून पोटापर्यंत पोहोचते. मी कीस वर्तमानपत्रावर गोळा करत असे, कामाचे कपडे वेगळे धूत असे आणि मुलांना त्या दिवसांत गॅरेजमध्ये पाऊल टाकू देत नसे.

माझ्या छताच्या एका सांध्यावर रंगाखाली बारीक फोड आले होते. जुन्या कामात कल्हईसाठी वापरलेले आम्ल नीट धुतले गेले नव्हते आणि ते साठ वर्षे आतल्या आत पत्रा कुरतडत होते. तेवढा सांधा तापवून रिकामा केला, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले आणि पुन्हा भरला. बाकीचे सांधे जसेच्या तसे ठेवले. रंग घासताना दाराच्या चौकटीत सर्वांत खाली कारखान्याचा हिरवा, त्यावर राखाडी अस्तर, त्यावर १९५८ चा गर्द किरमिजी आणि वरून ऐंशीच्या दशकातला पांढरा असे थर दिसले. डॅशबोर्डखाली, जिथे ऊन पोहोचले नव्हते, तिथला किरमिजी रंग नमुना म्हणून घेऊन गाडी पुन्हा त्याच रंगाची केली.

इंजिन फोर्डच्या जुन्या 'फ्लॅटहेड' (सपाट माथ्याच्या) व्ही-आठ, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या, घराण्यातले आहे. हे घराणे १९३२ मध्ये सुरू झाले. मर्क्युरीतला नमुना २५५ घन इंचांचा, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचा. या इंजिनाची खोड अशी की धूर बाहेर नेणाऱ्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या कप्प्यांना खेटून जातात. एका बाजूला सिलिंडर चार असले तरी धुराची तोंडे तीनच, कारण मधले दोघे एकच वाट वापरतात. म्हणून हे इंजिन तापते, आणि फार तापले की व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामध्ये तडा जातो. रेडिएटर बदलण्यापूर्वी मी ब्लॉक उकळत्या क्षारपाण्यात स्वच्छ करून घेतला; पाण्याच्या वाटांतून पाव बादली गंजाचा चिखल निघाला. तो निघाल्यावर गाडीने तापणे सोडले. अनेकांनी मला हे इंजिन काढून शेवरोलेचे ३५० घन इंचांचे बसवण्याचा सल्ला दिला होता. त्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि ते चालवायला सोपे, हे खरे; पण १९५८ च्या छायाचित्रांत जे इंजिन दिसते ते अजून गाडीत असताना बाहेर काढायला माझे मन तयार झाले नाही.

विजेची व्यवस्था सहा व्होल्टची आहे आणि बॅटरीचे धन टोक चासिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेले आहे. स्टार्टर इतका संथ फिरे की मला तो जळाल्याची खात्री वाटत होती. दोष निघाला तारेत. कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली होती. व्होल्ट निम्मे असले की तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो आणि बारीक तार तो अडवते. चाळीस डॉलरची जाड केबल लावली आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले. दारांना बाहेरून मुठी नाहीत, लपवलेले बटण दाबले की विजेच्या खटक्याने दार उघडते. बॅटरी उतरली तर गाडी आपल्याच मालकाला आत घेत नाही, ही गोष्ट मी एकदा भर पावसात, एका वाण्याच्या दुकानाबाहेर उभा राहून शिकलो. आता उंबऱ्याच्या पट्टीखाली एक साधी ओढायची तार बसवली आहे. तिची जागा या पत्रात सांगत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी इतिहासाचा मान राखला नाही. १९५० च्या या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि तेलाची वाट एकच. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र वाटांची सक्ती अमेरिकेत १९६८ पासून झाली. गाडी घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी, माझ्याच अंगणात, पुढच्या चाकाची जुनी रबरी नळी फुटली आणि पाय जमिनीला टेकला. वेग ताशी पाच मैलांचा होता म्हणून कचऱ्याच्या डब्यावर निभावले. त्याच आठवड्यात दोन वाटांचा मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग) मागवला. शिवाय कमरेचे पट्टे बसवले आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतील अशा नळ्या घातल्या. पांढऱ्या पट्ट्याचे टायर नवे दिसत होते, पण त्यांच्या कडेवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे १२०७ होते, म्हणजे ते २००७ च्या बाराव्या आठवड्यात बनलेले; तेही टाकून दिले. यातले काहीही बाहेरून दिसत नाही आणि यामुळे गाडीचे कस्टमपण तसूभरही कमी झालेले नाही.

खाली बसवलेल्या गाडीची चासिस जिथे मागच्या अॅक्सलला वाट द्यायला खाचलेली असते, तिथले वेल्डिंग गाडी विकत घेण्यापूर्वी खाली झोपून पाहावे. किती खाली बसवायची यालाही कॅलिफोर्नियात २०२३ अखेरपर्यंत मर्यादा होती: तिथल्या कायद्याने १९५८ पासून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या पातळीखाली असता कामा नये असे ठरवले, आणि गाडी वरखाली करणारी, तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवण्याची टूम त्यातूनच निघाली.

खर्चाचा हिशेब थोडक्यात देतो. खरेदीनंतर १९,००० डॉलर लागले, आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही. विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसीच घ्यावी, नाहीतर नेहमीच्या विम्याच्या हिशेबाने सत्तर वर्षांच्या गाडीचे मोल जवळजवळ शून्य धरले जाण्याची भीती असते. मिशिगनमध्ये ऐतिहासिक वाहनाची स्वस्त नंबरपाटी मिळते, पण ती घेतल्यास प्रदर्शने, मिरवणुका आणि क्लबचे कार्यक्रम सोडून एरवी फक्त ऑगस्ट महिन्यातच गाडी मनमुराद फिरवता येते. मी साधी पाटी घेतली. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी फेरी १९९५ पासून भरते, तिला जायला दोन्ही पाट्या चालतात.

शेवटी एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. लेखासोबतच्या देखण्या काळ्या मर्क्युरीच्या छायाचित्राखाली 'कारखान्यातील मूळ रूपात जतन केलेली मोटार' असे छापले आहे. त्या गाडीच्या दारांना मुठी नाहीत, पुढच्या दिव्यांची क्रोमची कडी काढून दिवे पत्र्यात खोल बसवलेले आहेत, आणि बाजूच्या काचांची उंची पाहता छत निदान चार इंच तरी कापलेले आहे. तेवढी ओळ पुढील अंकात सुधारून छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, मिशिगन